पश्तो, इंडोनेशियन आणि फ्लॉसी टीचर

आलोशियस तुस्कानो पुन्हा बोलू लागला तेव्हा त्याचं बोलणं घरात कुणालाच कळेना, आणि नेमकं त्यामुळेच नॅन्सीने गुडघे टेकले.

नॅन्सी ही वसईतल्या वटार गावच्या प्रार्थना गटाची प्रमुख. आलोशियसला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली, तेव्हापासून ती रोज दुपारी येऊन त्याच्या खाटेशी रोझरी म्हणत असे. त्या दिवशी ती आणि त्याची बायको फ्लॉसी मिळून त्याला कुशीवर वळवत होत्या. हुंकारापलीकडे तोंडातून काही न निघणारा हा माणूस एकाएकी खणखणीत आवाजात ओरडला, "व्रो व्रो! पोर्ता! बस!"

दोघी जागच्या जागी थबकल्या. थोड्या वेळाने खिडकीकडे पाहत तो आणखी काही बोलला. हा आवाज वेगळा होता, मऊ, जवळजवळ लाडात आल्यासारखा. शब्दही पहिल्यासारखे खरखरीत नव्हते. दोन्ही बोलण्यांत मराठीचा मागमूस नव्हता, आणि घरच्या बोलीचाही.

"फ्लॉसी," नॅन्सी कुजबुजली, "हे भाषांचं वरदान आहे. पवित्र आत्मा बोलतोय."

फ्लॉसी तशी चटकन विश्वास ठेवणारी बाई नव्हे. पापडीच्या मराठी शाळेत तिने तीसेक वर्षं प्राथमिकचे वर्ग घेतले. अजूनही बाजारात भेटलेले बाप्ये तिच्यासमोर वाक्य जपून बोलतात, कारण चुकलं की टीचर तिथल्या तिथे सुधारतात. पण त्या आठवड्यात तिनेही विश्वास ठेवला. झटका कुणालाही येतो. वरदान माणूस निवडून येतं. नवऱ्याच्या बाबतीत दोहोंपैकी एक गोष्ट खरी मानायची, तर तिने दुसरी मानली.

नॅन्सीने मोबाइलवर ते बोलणं टिपून घेतलं आणि गटात पाठवलं. लोक येऊ लागले. कुणी नुसतं दारात उभं राहून ऐकून जाई, कुणी तान्ह्या मुलाला घेऊन येई आणि आलोशियसचा डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवून घेई. फादर एकदा येऊन गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रुग्णासाठी प्रार्थना म्हटली आणि जाताना फ्लॉसीला विचारलं, "डॉक्टरांना कळवलं का?" तिने कळवलं नव्हतं.

ते टिपलेलं बोलणं फिरत फिरत एडवर्डच्या मोबाइलवर पोहोचलं. एडवर्ड दोन वाड्या सोडून राहतो. तरुणपणी तो आणि आलोशियस आखातातल्या एकाच कॅम्पात होते, हा प्लंबर आणि तो क्रेनवर. एडवर्डने ते एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि चहा तसाच टाकून निघाला.

"टीचर," ओट्यावर चपला काढता काढताच तो म्हणाला, "हे वरदान वगैरे काही नाही. हे पठाण आहेत."

"कोण पठाण?"

"अहो, ही पश्तो. त्यांची भाषा. क्रेनवरचं बोलणं आहे हे. व्रो व्रो म्हणजे हळूहळू. पोर्ता म्हणजे वर घे. तुम्ही त्याला उचलत होता ना? मग तो तुम्हाला सांगत होता, सावकाश उचला म्हणून. माल समजला स्वतःला."

तो आत गेला आणि खाटेसमोर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "स्तडय मशे, आलोश!"

"ख्वार मशे!" आलोशियसने तात्काळ उत्तर दिलं. डोळ्यांत ओळख होती. अर्ध्या चेहऱ्याने तो हसलाही.

"काय म्हणालात त्याला?" फ्लॉसीने विचारलं.

"मी म्हटलं, थकू नकोस. तो म्हणाला, तुझे हाल न होवोत. पठाण भेटले की असंच म्हणतात."

नॅन्सी जपमाळ हातात धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला, पण ती हटली नाही. "चुकलं आमचं," ती म्हणाली. "पण पठाणांची भाषा देवाला कळत नाही असं थोडंच आहे?" आणि ती रोजच्यासारखी रोझरी म्हणायला बसली. पुढेही ती येत राहिली. दाराशी येणारे मात्र बंद झाले.

फ्लॉसीच्या मनात वेगळंच राहिलं. बायकोचं नाव ज्याच्या जिभेवर येत नव्हतं, त्याने एडवर्डशी सवालजवाब केले होते, आणि तेही कुठल्या भाषेत, तर जी तिने त्याच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

"आणि ते दुसरं? मऊ बोलतो ते?"

एडवर्डने कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "ते पठाणांचं नाही. ते मला नाही कळत."

ते फ्लॉसीलाच उमगलं. नवरा एकेक शब्द टाकत होता, आणि त्यातले काही तिला अडवू लागले. मेजा. नामा. मग खिडकीकडे बोट करून जन्डेला. तिची आजी खिडकीला जनेल म्हणायची. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, हे तिने वर्गात कितीदा सांगितलं होतं. वसईत पोर्तुगीज होते. ते आणखी कुठे कुठे गेले होते, हे आठवायला तिला शाळेचा नकाशा पुरला.

"इंडोनेशिया," ती म्हणाली. "शेवटची नोकरी तिथेच होती ना याची."

आलोशियस वटारचाच. बापाची वाडी केळी आणि पानवेलीची. भाऊ तिघे आणि वाडी एक, म्हणून मधल्याने बाहेर पडायचं हे न बोलता ठरलेलं. आखातात तो क्रेनचा हेल्पर म्हणून गेला आणि ऑपरेटर झाला. हुकाला माल बांधणारी माणसं स्वात आणि मर्दानकडची, सगळी पठाण. उंच केबिनमध्ये बसलेल्याला खालचं सगळं दिसत नाही. खालचा माणूस वॉकीटॉकीवर सांगणार तसा यानं दांडा हलवायचा. ऐकण्यात चूक झाली तर खाली कुणीतरी चिरडणार. तेव्हा पश्तो शिकणं ही हौस नव्हती. आधी हुकूम शिकला, मग रामराम, मग जेवण, मग वाक्यं.

तो कॅम्प बंद झाला तेव्हा एजंटाने त्याला इंडोनेशियातल्या बोर्निओ बेटावर पाठवलं, बालिकपापान नावाच्या बंदरात. तिथे तो आखातापेक्षा जास्त वर्षं राहिला. एका गल्लीत खोली घेऊन राहिला, शेजाऱ्यापाजाऱ्यांत जेवला, आणि निवृत्त होऊन दोन बॅगा घेऊन वटारला परत आला. फ्लॉसी कधी गेली नाही. तिची नोकरी होती, सासू होती, मुलगी सँड्रा लहान होती. सँड्रा आता मेलबर्नला असते.

घरी आलेला आलोशियस अबोल होता. गावात हे सर्वमान्य होतं, आणि फ्लॉसीलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. एक गोष्ट मात्र खरी. सँड्रा जन्मली तेव्हापासून घरात फ्लॉसीने नियम केला होता की प्रमाण मराठी बोलायची; बोली वाडीत. आलोशियसची मराठी म्हणजे घरची बोली, तिच्यावर कॅम्पातली हिंदी, आणि त्यावर वर्षांवर्षांची सवय मोडलेली. तो "ती भात" म्हणाला की फ्लॉसी "तो भात" म्हणे. रागाने नाही, सवयीने. तो मान डोलावी आणि गप्प होई. तो परदेशी असताना रविवारच्या फोनवरही हेच चाले.

इस्पितळाने वाचा-उपचारांसाठी एक नाव लिहून दिलं होतं. ते फ्लॉसीने आता शोधलं. सुरुची नावाची तरुण मुलगी गोखिवऱ्याहून स्कूटरवर आली. आईवडील मूळचे देवगडकडचे. ती वसईतच वाढलेली.

"या डॉक्टर," फ्लॉसी म्हणाली.

"डॉक्टर नाही काकू, थेरपिस्ट. सुरुची म्हणा."

तिने चित्रांचे पत्ते काढले आणि आलोशियससमोर एकेक धरला. केळं, खिडकी, पाणी, भाकरी, चप्पल, माणूस ओझं उचलतोय. मराठीत विचारलं की तो ओठ हलवी, कपाळावर डावी मूठ मारी आणि मान फिरवी. मग तिने मोबाइलवर कुणा पश्तो बोलणाऱ्याचा आवाज लावला. तो ऐकून तो सावध झाला. ओझ्याच्या चित्राला "पोर्ता" म्हणाला. बाकी चित्रं नुसती पाहत राहिला. शेवटी इंडोनेशियन आवाज लावला. केळ्याला पिसांग, पाण्याला आइर, खिडकीला जन्डेला, चपलेला संडाल. पत्ता खाली ठेवायच्या आत उत्तर. भाकरीचं चित्र त्याने हातात घेतलं, न्याहाळलं आणि म्हणाला, "रोती. इस्त्री साया." आणि फ्लॉसीकडे बोट केलं.

"भाकरी. माझी बायको," सुरुचीने मोबाइलवर पाहून सांगितलं. "इस्त्री म्हणजे बायको. आपला स्त्री शब्दच तो."

"इस्त्री?" एडवर्ड दारातून म्हणाला. "बरोबर आहे. कडक आणि गरम."

"तुम्हाला कुणी विचारलं?" फ्लॉसी म्हणाली. पण आलोशियस खो खो हसत होता. झटक्यानंतर इतका मोकळा पहिल्यांदाच.

सुरुची पुढचे दोन आठवडे येत राहिली आणि मग एका संध्याकाळी फ्लॉसीला घेऊन ओट्यावर बसली.

"काकू, झटक्याने भाषा पुसली जात नाही. तिच्याकडे जायची वाट बंद होते. माणसाला चार भाषा येत असतील तर चारही वाटा सारख्याच बंद होतात असं नाही. कधी आधी शिकलेली आधी परत येते, कधी जास्त वापरलेली, कधी भलतीच."

"मग आमचीच का मागे राहिली?"

"माहीत नाही," सुरुची म्हणाली. "कुणी तुम्हाला नक्की कारण सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण आपल्याला एक ठरवावं लागेल. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. दोन्ही भाषा धरून बसलो तर तेही थकतील आणि आपणही. एक निवडायची आणि तिच्या हाताला धरून त्यांना मराठीकडे आणायचं. मला दोन्ही येत नाहीत. गेले दोन आठवडे वाचतेय, ऐकतेय, तेवढ्यावर सांगते."

मग तिने सांगितलं. पश्तोचा शब्द कानाला परका लागतो, पण वाक्य ओळखीचं निघतं. मा डोडय वख्वडा, म्हणजे मी भाकरी खाल्ली. इथे खाणारा पुरुष असो की बाई, क्रियापद भाकरीच्या मागे जातं, कारण डोडय स्त्रीलिंगी. भाकरीच्या जागी कबाब ठेवला की क्रियापद बदलतं, कारण कबाब पुल्लिंगी. ट, ड, ण हे आपले उच्चारही त्यांच्याकडे आहेत.

फ्लॉसी ताठ बसली. "मी भाकरी खाल्ली, मी कबाब खाल्ला. अगं, हे तर आपलंच व्याकरण!"

"हो. आणि इंडोनेशियन बरोबर उलटी. शब्द ऐकले की वाटतं आपलेच नातेवाईक. भाषेला बहासा, नावाला नामा, नवऱ्याला सुआमी. पोर्तुगीजांचे तर तुम्हालाच सापडले. पण वाक्याची घडण पूर्ण वेगळी. लिंग नाही. तो आणि ती दोघांना एकच शब्द, दिया. साया माकान नासी. साया मी, माकान खाणं, नासी भात. काल खाल्ला, आत्ता खातोय, उद्या खाणार, माकान तसंच राहतं. काल की उद्या ते वेगळ्या शब्दाने सांगायचं, नाहीतर समजून घ्यायचं."

"म्हणजे सोपी भाषा."

"नाही हं," सुरुची म्हणाली. "पुस्तकातली इंडोनेशियन अवघड आहे. शब्दाला पुढून आणि मागून काय काय जोडतात, त्याचा अर्थ कसा बदलतो, मला अजून नीट कळलेलं नाही. पण काका गल्लीतली शिकले, बंदरातली. तिथे एवढ्यावर भागतं."

फ्लॉसीचा कौल ठरलेला होता. "पश्तो. जे आपल्या जवळचं आहे तेच धरावं. तिकडून इकडे एक पाऊल."

"मला उलट वाटतं. पश्तोतून त्यांच्याकडे उरलंय ते हुकूम आणि रामराम. पाठ झालेलं, आपोआप येणारं. नवं वाक्य त्यांना बांधता येत नाही. आणि वाक्य जितकं मराठीसारखं, तितकं ते तिथेच अडतात. लिंग, वचन, कुणाच्या मागे कोण जायचं, या सगळ्याचा मेळ आता त्यांच्याकडून बसत नाही. इंडोनेशियनमध्ये ते शब्दाशेजारी शब्द ठेवतात आणि वाक्य पुरं होतं. तिथे ते बोलताना आजारी वाटत नाहीत."

फ्लॉसीने ऐकून घेतलं आणि पश्तोच धरली. सुरुचीने वाद घातला नाही. एडवर्डला बोलावणं गेलं.

"टीचर, मला शिव्या आणि जेवण एवढंच येतं."

"शिव्या सोडून या."

एडवर्ड रोज येऊ लागला. राशा, म्हणजे ये, म्हटलं की आलोशियस मान वळवी, बस म्हटलं की थांबे. रामरामाला रामराम येई. पण त्यापुढे गाडी हलेना. एडवर्डने भाकरी पुढे करून "मा डोडय..." अशी सुरुवात करून द्यायची, आणि आलोशियसने क्रियापदापर्यंत येऊन थांबायचं. तो शोधायचा. कुठला शेवट, कुठला शेवट. फ्लॉसी समोर बसून ओठ हलवी, जसे ती पहिलीतल्या मुलांसमोर हलवायची. तिसऱ्या आठवड्यात आलोशियसने पाण्याचा पेला भिंतीवर फेकला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने एडवर्डच्या रामरामालाही उत्तर दिलं नाही.

"हे तर होतं तेही गेलं," एडवर्ड बाहेर येऊन म्हणाला. "टीचर, एक बोलू? वर्गासारखं वाटतं हो आत. मलाच घाम फुटतो."

संध्याकाळी फ्लॉसीने सुरुचीला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "दुसरी सांग."

इंडोनेशियन शिकायला तिला वेळ लागला नाही. भाषा शिकवणारी बाई होती. सूदा माकान, जेवलास का? बलूम, अजून नाही. मोबाइलमधला आवाज ऐकून ती वाडीत पानं खुडताना घोकी. आलोशियस पुन्हा बोलू लागला. तिला तो बू म्हणे. तिथे बाईमाणसाला मानाने असंच म्हणतात, हे कळूनही तिला ते परकं वाटे. शाळेतल्या शिपायाने बाई म्हणावं तसं. पण तो बोलत होता. दोन-दोन, तीन-तीन शब्दांनी त्याने तिला सांगितलं की बालिकपापानच्या गल्लीत पुराचं पाणी खोलीत शिरलं तेव्हा शेजाऱ्याची कोंबडी याच्या खाटेवर अंडं घालून गेली. अंड्यावरून भांडण झालं. मग दोघांनी मिळून ते खाल्लं. एवढी लांब गोष्ट त्याने लग्नानंतर तिला कधी सांगितली नव्हती. तिला अर्धी शब्दांनी कळली, अर्धी हातवाऱ्यांनी. ती हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की हा माणूस विनोदी आहे.

हे गावभर झालं. तिथे कुणी बाई होती का, हा प्रश्न वटारमध्ये पुष्कळांच्या मनात आला. तोंडाने विचारला तो फक्त एडवर्डच्या बायकोने. पॉलिन तिचं नाव, ती विहिरीवर म्हणाली, "इतकं गोड बोलायला शिकवलं कुणी गं त्याला?"

"असली कुणी," फ्लॉसी म्हणाली, "तर तिने त्याच्या चुका काढल्या नसतील."

फ्लॉसीने नवऱ्याला तो प्रश्न कधीच केला नाही. इंडोनेशियनमध्ये तो कसा विचारायचा ते तिला येत होतं.

पण महिना गेला तरी मराठी आली नव्हती. घरात नॅन्सी आली की दुभाष्या लागे. मेलबर्नहून सँड्राचा फोन आला की बाप पडद्याकडे पाहून हसे आणि मुलगी रडे. फ्लॉसी सुरुचीला म्हणाली, "मी त्याच्या गावात जाऊन राहिले. तो माझ्या गावात कधी येणार?"

"एक करून पाहू," सुरुची म्हणाली. "इंडोनेशियनची घडण तशीच ठेवायची. तिच्यात मराठी शब्द बसवायचे. मी भात खा. काल. मी भात खा. उद्या. बस. ना लिंग, ना प्रत्यय. शब्द बोलीतला असो की पुस्तकातला."

फ्लॉसीने तिच्याकडे पाहिलं. "अशी मराठी मी कुणाला बोलू दिली नाही."

"नुसती बोलू द्यायची नाहीये काकू. तुम्हीही तशीच बोलायची. तुम्ही पूर्ण वाक्य बोललात की ते गप्प होतात, मी बघितलंय. आणि दुरुस्त करायचं नाही. चेहऱ्यानेसुद्धा नाही."

"चेहरा कसा बंद करू?"

"ते मला शिकवलेलं नाही," सुरुची म्हणाली.

पहिल्या दिवशी फ्लॉसीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "आलोश, तू चहा पी?" आणि स्वतःचा आवाज ऐकून तिला शरम वाटली. खोलीतून बराच वेळ काही आलं नाही. मग तो म्हणाला, "पी." ती कपात चहा ओतत राहिली, कप भरून बशीत सांडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पिसांग, आणि त्याच्या पाठोपाठ केळं. मग आइर, पानी. पाणी नव्हे, पानी; जसं त्याचा बाप म्हणायचा. फ्लॉसीच्या तोंडात ण आला आणि तिने तो गिळला. असं दिवसातून कितीदा होई. काही वेळा ती उठून मोरीत जाई, भिंतीला बरोबर वाक्य सांगे आणि परत येई.

आलोशियस बरा झाला असं म्हणता येणार नाही. त्याची वाक्यं लांबली नाहीत. सुरुचीने तशी आशाही दाखवली नव्हती. थंडी पडली तोवर तो मराठीत मागू लागला होता, नाकारू लागला होता, दुखतं-खुपतं सांगू लागला होता. पण घरातले निर्णय फ्लॉसीच घेत होती, आणि ते त्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून, त्याच्या डोक्यावरून बोलून, जसे आजाऱ्याच्या घरात सगळेच घेतात.

डिसेंबरच्या सुरुवातीला एडवर्ड पत्रिका घेऊन आला. भाच्याचं लग्न होतं.

"टीचर, दोघांनी यायचं."

"मी येईन. आलोशला कुठे गर्दीत आणू? लोक बघत बसतील."

"नाही," आलोशियस म्हणाला.

फ्लॉसीला वाटलं तो तिला दुजोरा देतोय. "तेच म्हणतेय मी."

"नाही! एडवर्ड लग्न. मी जा."

एडवर्ड पत्रिका हातात धरून उभा राहिला. फ्लॉसी नवऱ्याकडे वळली. "हॉल वर. पायरी खूप."

"पायरी उचल." त्याने डाव्या हाताने एडवर्डकडे बोट केलं. "तू उचल. पोरं उचल."

"उचलतो की," एडवर्ड म्हणाला. "क्रेन आहे आपली."

"तुम्ही मध्ये पडू नका. आलोश, लोक बघ. सगळे तू बघ. तुला बरं वाट?"

आलोशियस शब्द शोधत राहिला. कपाळावर मूठ मारायला त्याचा हात उठला आणि खाली आला. "लोक मला बघ," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "मी लोक बघ."

फ्लॉसीच्या ओठांपर्यंत 'लोकांना' आलं होतं. पण मग तिच्या ध्यानात आलं की हे उत्तर आहे, आणि त्याला उत्तरच द्यायला हवं.

"जेवण कसं? डावा हात, सगळ्यांसमोर?"

"डावा खा."

"कोट तुला होत नाही आता."

"कोट नको. शर्ट."

"कुठला शर्ट?"

तो अडला. एडवर्डने मदतीला तोंड उघडलं. फ्लॉसीने त्याच्याकडे न बघताच हात वर करून त्याला थांबवलं. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल गेली. आलोशियसचे ओठ एकदा जुळले, सुटले. "बिरू," तो म्हणाला, आणि मान हलवून स्वतःच ते खोडलं. "निळा."

"निळा जुना झाला. पांढरा घाल."

"निळा."

"कॉलर फाटली त्याची."

"शिव."

"मी शिव? दुसरं काम नाही मला?"

"निळा," आलोशियस म्हणाला.

एडवर्डने पत्रिका मेजावर ठेवली, चपला घातल्या आणि फाटक लावून घेतलं. तो रस्त्याला लागला तरी आतून फ्लॉसीचा आवाज येत होता, पांढरा कसा चांगला ते सांगत, आणि मधून मधून दुसरा, एकेका शब्दाचा.